चार अक्षरांचं नाव: य-ह-व-ह विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिब्रू बायबलातल्या देवाच्या नावाचा विषय निघाला की तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंततात. ते नाव पहिल्यांदा कुणीतरी उच्चारलं तेव्हा त्याचा अर्थ काय होता? बायबल लिहिणाऱ्यांना त्यात काय ऐकू येत होतं? आणि पुढच्या भाषांतरकारांनी त्याचं काय केलं? तिन्हींची उत्तरं निरनिराळी आहेत. बहुतेक वाद होतात ते एकाचं उत्तर दुसऱ्याला दिल्यामुळे. खाली शक्य तिथे हा गुंता सोडवत गेलो आहे.

नेमकं कोणत्या नावाबद्दल बोलतोय आपण?

योद, हे, वाव, हे या चार हिब्रू अक्षरांनी लिहिलेल्या नावाबद्दल. देवनागरीत मांडायचं तर य-ह-व-ह, फक्त हिब्रूत ते उजवीकडून डावीकडे वाचायचं. हिब्रू बायबलात ते सुमारे ६,८०० वेळा येतं. मराठी बायबलच्या प्रचलित आवृत्तीत जिथे ‘परमेश्वर’ दिसतो तिथे मुळात बहुतेक ठिकाणी हीच चार अक्षरं असतात. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ या तेविसाव्या स्तोत्राच्या पहिल्याच शब्दासारखी. ‘देव’ हा शब्द साधारणपणे ‘एलोहीम’साठी आणि ‘प्रभू’ हा ‘अदोनाय’साठी येतो. एलोहीम हे जातिवाचक नाम, अदोनाय ही पदवी. नाव म्हणावं असं मुख्यतः हे एकच.

स्वर का लिहिले नाहीत? मुद्दाम लपवले का?

नाही, लपवले नाहीत. हिब्रू लिपीच मुळात व्यंजनांची. म-ल-ख एवढंच लिहिलं तर ‘मेलेख’ म्हणजे राजा वाचायचं की ‘मालाख’ म्हणजे ‘त्याने राज्य केलं’, हे वाचणारा वाक्यावरून ठरवतो. मोडी वाचणाऱ्यांना याची थोडी कल्पना येईल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, तरी दप्तर वाचणारा ‘दिन’ की ‘दीन’ यावर अडत नाही. हिब्रूत हीच सवय पुष्कळ पुढे गेलेली होती.

भाषा कानात असणाऱ्याला यात काही अडचण नव्हती. या एका शब्दाबाबत ती आली, कारण तो कानावर पडायचाच बंद झाला.

आणखी एक बारीक गोष्ट. हिब्रूत शब्दाच्या शेवटचा ‘ह’ बऱ्याचदा व्यंजन नसतो, शेवटी स्वर आहे एवढीच खूण असते. त्यामुळे चार अक्षरं दिसली तरी शेवटचं अक्षर ‘ह’ म्हणून उच्चारलं जात असेलच असं नाही.

मग मूळ उच्चार कोणता?

बहुतेक अभ्यासक ‘यह्वे’ किंवा ‘याह्वे’ म्हणतात. याचा थेट पुरावा कुठेही नाही, पण आडून येणारे पुरावे बरे आहेत.

पहिला पुरावा माणसांच्या नावांतला. ‘याह’ आणि ‘याहू’ हे या नावाचे लहान अवतार नावांच्या शेवटी टिकले, म्हणजे सुरुवातीला ‘या’ होता हे बऱ्यापैकी पक्कं. दुसरा पुरावा ग्रीक लेखकांचा. इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हे नाव ग्रीक अक्षरांत ‘इआऊए’ असं देतो (काही हस्तलिखितांत ‘इआऊ’). पाचव्या शतकातला थिओडोरेट सांगतो की शोमरोनी (सॅमॅरिटन) लोक ‘इआबे’ म्हणतात. त्या काळच्या ग्रीकमध्ये ‘ब’चा उच्चार ‘व’कडे झुकलेला होता, तेव्हा ‘इआबे’ म्हणजे जवळपास ‘यावे’च. हा दुसरा साक्षीदार जास्त मोलाचा, कारण शोमरोनी लोकांची परंपरा यहुद्यांपासून वेगळी पडलेली होती.

एक कोपरा मात्र उरतो. नाईल नदीतल्या एलिफंटाईन बेटावर, आजच्या अस्वानजवळ, इसवी सनपूर्व पाचव्या शतकात यहुदी शिपायांची वसाहत होती. हिब्रूच्या जवळच्या अरामी भाषेतल्या त्यांच्या कागदपत्रांत देवाचं नाव तीनच अक्षरांचं आहे, य-ह-व, म्हणजे ‘याहो’ किंवा ‘याहू’. मृत समुद्राजवळच्या कुमरान गुहांत सापडलेल्या, बायबलातल्या लेवीय ग्रंथाच्या एका ग्रीक तुकड्यातही ‘इआओ’ आहे. म्हणजे लांब आणि आखूड, दोन्ही रूपं एकाच वेळी चालत असावीत. घरातल्या माणसाचं पूर्ण नाव आणि हाक मारायचं नाव वेगळं असतं, तसं काहीसं.

‘यहोवा’ हा उच्चार मग आला कुठून? तो चूक आहे का?

हे समजायला जुनं मराठी पत्र डोळ्यांपुढे आणा. वर लिहिलेलं असतं ‘सा. न. वि. वि.’, पण वाचणारा म्हणतो ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. ‘सा-न-वि-वि’ असं मोठ्याने वाचणारा हसू ओढवून घेईल. हिब्रू बायबल वाचणाऱ्यांचंही असंच होतं: डोळ्यांपुढे य-ह-व-ह, तोंडी ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’.

पुढे साधारण सहाव्या ते दहाव्या शतकांत मासोरा, म्हणजे हिब्रू बायबलचा मजकूर जपणाऱ्या परंपरेच्या पंडितांनी मजकुरात स्वरचिन्हं भरली. मूळ अक्षरांना हात लावायचा नाही हा त्यांचा दंडक. म्हणून जिथे लिहिलेला शब्द एक आणि वाचायचा दुसरा, तिथे त्यांनी लिहिलेल्या व्यंजनांवर वाचायच्या शब्दाचे स्वर ठेवले. चार अक्षरांवर ‘अदोनाय’चे स्वर बसले. मूळ मजकुरात शेजारीच ‘अदोनाय’ आलेला असेल तर दोनदा तेच नको म्हणून ‘एलोहीम’चे स्वर. जाणकाराला ही खूण कळत होती.

मध्ययुगाच्या उत्तरार्धात लॅटिनमधून हिब्रू शिकणाऱ्या ख्रिस्ती पंडितांनी खूण शब्द म्हणून वाचली. व्यंजनं एकाची, स्वर दुसऱ्याचे, आणि तयार झालं ‘येहोवा’. १५३० साली विल्यम टिंडलने आपल्या इंग्रजी भाषांतरात ते वापरलं आणि पुढे ते युरोपभर रुळलं. भारतीय भाषांत ‘यहोवा’ आला तो याच वाटेने. एकोणिसाव्या शतकात जर्मन हिब्रूतज्ज्ञ विल्हेल्म गेसेनियससारख्यांनी ‘यह्वे’चा पक्ष उचलून धरला, तेव्हापासून अभ्यासाच्या लेखनात तेच चालतं.

आता चूक म्हणायचं का? प्राचीन उच्चार म्हणून, हो. पण जो शब्द चारपाचशे वर्षं लोकांनी प्रार्थनेत वापरला त्याला केवळ ‘चुकीचं वाचन’ म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. ‘येशू’ तरी मूळ ‘येशुआ’ कुठे राहिलाय?

नाव घ्यायचं बंद का झालं?

सुरुवातीला ते अगदी रोजच्या बोलण्यात होतं. बायबलातल्या रूथच्या गोष्टीत शेतमालक बवाज शेतावर येतो आणि कापणी करणाऱ्यांना म्हणतो, ‘य-ह-व-ह तुमच्याबरोबर असो’. तेही तसंच उत्तर देतात. आपल्याकडचा बांधावरचा ‘राम राम’ आणि हे यांत फारसा फरक नाही. १९३५ साली यहुदाच्या राज्यातल्या लाखीश या जुन्या शहराच्या जागी खापरांवर शाईने लिहिलेली लष्करी पत्रं सापडली. इसवी सनपूर्व ५८७ च्या आसपासची, बाबेलची (बॅबिलोनची) फौज दाराशी आलेली असतानाची ही पत्रं. त्यांत अधिकारी वरिष्ठाला कळवतो, ‘य-ह-व-ह माझ्या स्वामींना क्षेमकुशलाची वार्ता ऐकवो’. पत्राचा मायना म्हणून देवाचं नाव! कुणाला त्याचं भय वाटत होतं असं दिसत नाही.

नंतर हळूहळू संकोच आला. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको ही आज्ञा होतीच. लेवीय ग्रंथात नावाची निंदा करणाऱ्याला देहदंड सांगितला आहे, आणि त्या वचनातल्या क्रियापदाचा अर्थ ‘निंदा करणं’ असाही होतो आणि ‘स्पष्ट उच्चारणं’ असाही. ग्रीक भाषांतरकारांनी दुसरा अर्थ धरला. मग कुंपणाला कुंपण घालत गेले. मिश्ना हा यहुदी नियमांचा जुना संग्रह. ती सांगते की मंदिरात याजक आशीर्वाद देताना नाव लिहिलंय तसं उच्चारत आणि मंदिराबाहेर पर्यायी शब्द वापरत. योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजकाच्या तोंडून ते ऐकू आलं की अंगणातले लोक जमिनीवर पालथे पडत. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि ते उच्चारायची जागाच गेली. मिश्नेवरच्या चर्चांचा ग्रंथ म्हणजे तालमूद, त्यात उल्लेख आहे की गुरू आपल्या शिष्यांना त्याचा उच्चार सात वर्षांतून एकदा सांगत. अशी परंपरा तुटायला एखादी धामधूमही पुरते.

मोठ्या माणसाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही ही रीत आपल्या घरांतही होती. ‘अहो’ आणि ‘इकडून’ यांवर पिढ्या निभावल्या. फरक इतकाच की आपल्याकडे उखाण्यात का होईना, नाव यायचं.

लिहिताना काय करत?

लिहायला बंदी नव्हती, पण हात जपून चाले. कुमरानच्या काही गुंडाळ्यांत सगळा मजकूर त्या काळच्या चौकोनी लिपीत आणि हे एक नाव जुन्या, प्राचीन हिब्रू वळणात आहे. कुठे नावाच्या जागी नुसते चार ठिपके. यहुदी नकलाकारांनी केलेल्या काही ग्रीक प्रतींतही मधेच ही चार हिब्रू अक्षरं येतात. यातून एक गंमत झाली. हिब्रू चार अक्षरं ज्यांना ओळखता येत नव्हती अशा ग्रीक वाचकांना ती दिसायला ग्रीक ‘पी-इ-पी-इ’सारखी वाटली, आणि ते खुशाल ‘पिपी’ वाचत. ही माझी थट्टा नाही; चौथ्या शतकातल्या संत जेरोमने हे नोंदवलं आहे.

नाव असलेला कागद फाडायचा किंवा टाकायचा नाही, म्हणून जीर्ण कागद सभास्थानातल्या एका खोलीत साठवत. तिला गनीझा म्हणतात. कैरोच्या बेन एझ्रा सभास्थानातल्या अशा खोलीतून लाखोंनी तुकडे निघाले. त्यांत भारताशी चालणाऱ्या व्यापाराची पत्रंही आहेत. देवाच्या नावाचा मान राखायला ठेवलेल्या कागदांतून इतिहासकारांना मध्ययुगीन बाजारभाव मिळाले.

बायबल स्वतः या नावाचा अर्थ काय सांगतं?

बायबलातल्या निर्गम या दुसऱ्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात जळत्या झुडपापाशी मोशे विचारतो, ‘लोक मला त्याचं नाव विचारतील, मी काय सांगू?’ उत्तर येतं: ‘एह्ये अशेर एह्ये’. मराठी बायबलात ‘मी आहे तो आहे’.

हे भाषांतर चूक नाही, पण अपुरं आहे. ‘हाया’ या हिब्रू धातूत आपले ‘असणे’ आणि ‘होणे’ दोन्ही मावतात, आणि ‘एह्ये’ हे रूप अपूर्ण क्रियेचं, बहुधा भविष्याकडे झुकणारं. दोनच ओळी आधी देव मोशेला म्हणतो, ‘मी तुझ्याबरोबर असेन’, तिथेही हेच ‘एह्ये’ आहे. म्हणून ‘मी असेन तो असेन’ किंवा ‘मी होईन तो होईन’ हेही तितकंच खरं. मराठीला ‘असणे’ आणि ‘होणे’ वेगळे असल्याने एक निवडावा लागतो, आणि निवडला की दुसरा हातातून सुटतो.

शिवाय वाक्याची घडण पाहा. तेच क्रियापद दोनदा. ‘जायचंय तिथे जाईन’, ‘होईल ते होईल’ असं आपण म्हणतो तेव्हा माहिती देत नसतो. पुढे विचारू नकोस असं सुचवत असतो. निर्गमातच तेहतिसाव्या अध्यायात अशीच घडण आहे: ‘ज्याच्यावर कृपा करीन त्याच्यावर कृपा करीन’. तेव्हा झुडपापाशी मिळालेलं उत्तर अर्धं नाव आणि अर्धा नकार आहे, असं मला वाटतं. मोशेने नाव विचारलं, त्याला आश्वासन मिळालं: मी असेन, कसा ते माझं मी बघेन.

ग्रीक भाषांतरात याचं ‘मी असणारा आहे’ झालं. तिथून पुढे तत्त्ववेत्त्यांनी ‘शुद्ध अस्तित्व’, ‘सनातन सत्’ असे इमले चढवले. ते सुंदर आहेत, पण झुडपापुढे अनवाणी उभ्या असलेल्या मेंढपाळाला ते ऐकू आले असतील असं वाटत नाही.

मग हीच खरी व्युत्पत्ती मानायची का?

इथे सावध राहायला हवं. बायबलातल्या नावांच्या उकली बहुतेक वेळा कोट्या असतात. त्याच निर्गमात, एक अध्याय आधी, ‘मोशे’ची उकल दिली आहे: पाण्यातून ‘ओढून काढला’ म्हणून मोशे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ते नाव इजिप्शियन वाटतं, ‘थुतमोस’मधल्या ‘मोस’सारखं, म्हणजे ‘जन्मलेला’. हे नाव ठेवणाऱ्या फारोच्या (इजिप्तच्या राजाच्या) मुलीने हिब्रूत कोटी करण्याचं काहीच कारण नव्हतं. शूर्पणखेची नासिका कापली म्हणून नाशिक, ही त्याच जातीची उकल. ती ऐकून गावाबद्दल काहीतरी कळतं, पण ते व्याकरणातलं नसतं.

पण कोटी म्हणजे फालतू, असंही नाही. होशेय संदेष्ट्याने ती उलटी फिरवली आहे: ‘तुम्ही माझे लोक नव्हे, आणि मी तुमचा एह्ये नव्हे’. इसवी सनपूर्व आठव्या शतकातल्या या संदेष्ट्याच्या श्रोत्यांना ती उलटी कोटी कळत होती असं धरलं, तर नावात ‘असेन’ ऐकण्याची सवय चांगलीच जुनी म्हणायला हवी.

भाषाशास्त्र काय म्हणतं?

यात खरी मारामारी आहे. नाव क्रियापदापासून आलं असेल तर सुरुवातीचा ‘य’ हा ‘तो’ दाखवणारा प्रत्यय, आणि धातू ह-व-ह. बायबलच्या हिब्रूत ‘असणे’चा धातू ह-य-ह आहे, ‘व’ असलेलं रूप जुनं, आणि अरामीत ते टिकलं. म्हणजे नाव हिब्रूच्या आपल्याला ठाऊक असलेल्या अवस्थेच्या आधीचं, किंवा शेजारच्या बोलीतलं.

आता प्रश्न ‘या’ मधल्या ‘आ’चा. हिब्रूत ‘तो असतो’ हे ‘यिह्ये’ होतं, ‘याह्ये’ नाही. ‘आ’ येतो तो साधारणपणे प्रयोजक रूपात, म्हणजे आपल्या ‘करणे’चं ‘करवणे’ होतं तसल्या. त्यावरून अमेरिकन अभ्यासक विल्यम ऑल्ब्राइट आणि त्यांचा शिष्य फ्रँक क्रॉस यांनी म्हटलं की अर्थ ‘तो अस्तित्वात आणतो’, ‘तो घडवतो’. क्रॉस तर पुढे म्हणाले की हे सबंध वाक्याचं उरलेलं टोक असावं: ‘सैन्यांना निर्माण करणारा’, म्हणजे बायबलात वारंवार येणाऱ्या ‘य-ह-व-ह सबाओथ’चा मूळ अर्थ.

कल्पना देखणी आहे. पण या धातूचं प्रयोजक रूप हिब्रूत इतरत्र कुठेच वापरलेलं नाही. आणि हिब्रू, अरामी ज्यांत येतात त्या पश्चिम सेमिटिक भाषांच्या जुन्या थरात साध्या रूपातही ‘या’ येऊ शकत होता, त्यामुळे ‘आ’वर एवढा इमला उभा करता येत नाही. सिरियातल्या मारी या प्राचीन शहरातल्या अमोरी लोकांच्या नावांत ‘याह्वी-इलू’ अशी नावं सापडतात आणि लोक आनंदाने त्यांकडे बोट दाखवतात, पण ती ‘असणे’ची की ‘जगणे’ची, यावरच एकमत नाही, क्यूनिफॉर्म (कीलाकार) लिपी ते दोन ‘ह’ वेगळे दाखवत नाही.

‘असणे’ सोडून दुसरा कुठला अर्थ संभवतो?

मला सगळ्यांत गंभीरपणे घ्यावासा वाटणारा पर्याय वाऱ्याचा. अरबीत ह-व-य या धातूला ‘पडणे, झेपावणे’ असा अर्थ आहे आणि ‘हवा’ हा शब्द आपण अरबीतूनच फारसीमार्गे घेतला. जर्मन अभ्यासक युलियस वेलहाउझेनने एकोणिसाव्या शतकात हे सुचवलं: ‘तो वाहतो’, ‘तो कोसळतो’, वादळाचा देव. खुद्द हिब्रूतही ईयोबाच्या ग्रंथात बर्फाला ‘भूमीवर पड’ अशी आज्ञा आहे आणि तिथलं क्रियापद याच अंगाचं.

बायबलातल्या सर्वांत जुन्या कवितांमध्ये हा देव येतो तो वादळासारखाच. शास्ते ग्रंथातल्या दबोराच्या गीतात तो सेईराहून निघतो, भूमी थरथरते, ढगांतून पाणी गळतं. हबक्कूक म्हणतो, देव तेमानाहून आला. सेईर, तेमान, पारान ही सगळी दक्षिणेकडची वाळवंटी नावं, अरबी बोलींच्या शेजारची. मोशेला झुडूप दिसलं तेही मिद्यानाचा याजक असलेल्या सासऱ्याची मेंढरं चारताना. नाव दक्षिणेकडून इस्राएलात आलं हे मत धरलं तर अरबी धातू शोधणं काही ओढाताण ठरत नाही.

तिसरा तर्क असा की हे क्रियापद नव्हेच, ही हाक आहे: ‘या-हू’, ‘हे तो!’. ऐकायला छान, पण चार अक्षरांच्या लांब रूपाचा त्यातून नीट उलगडा होत नाही.

माझा कौल विचाराल तर: बायबल लिहिणाऱ्यांच्या कानात ‘असणे’ होतं यात मला शंका वाटत नाही, त्यांच्या कित्येक शतकं आधी दक्षिणेच्या वाळवंटात ज्याने हे नाव पहिल्यांदा घेतलं त्याच्या कानात वारा असणं अधिक शक्य वाटतं.

बायबलबाहेर हे नाव कुठे सापडतं?

सुदानमधल्या सोलेब इथे फारो तिसरा आमेनहोतेप याने बांधलेल्या मंदिरात, इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातल्या, जिंकलेल्या लोकांच्या यादीत ‘य-ह-व चे शासू’ अशी नोंद आहे. शासू म्हणजे भटके पशुपालक. पण तिथे ते बहुधा ठिकाणाचं नाव आहे. देवावरून ठिकाण की ठिकाणावरून देव, हे त्या दगडावरून ठरत नाही.

देवाचं नाव म्हणून ठाम उल्लेख मवाबाचा राजा मेशा याच्या शिलालेखात, इसवी सनपूर्व ८४० च्या सुमाराचा. तो १८६८ साली जॉर्डनमधल्या धीबान इथे सापडला आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मेशा फुशारकी मारतो की नबो गाव जिंकून ‘य-ह-व-ह’ची पात्रं आपण कमोश देवापुढे ओढत नेली. शत्रूने लिहून ठेवलेला पुरावा, त्यामुळे जास्त विश्वासाचा.

आणि सिनाईच्या वाळवंटातलं कुंतिल्लत अजरूद. तिथे १९७५-७६ मध्ये मोठाले रांजण सापडले, इसवी सनपूर्व ८०० च्या आसपासचे. त्यांवर आशीर्वाद आहेत: ‘शोमरोनचा य-ह-व-ह आणि त्याची अशेरा’, ‘तेमानचा य-ह-व-ह आणि त्याची अशेरा’. अशेरा म्हणजे देवी की तिचा पूज्य खांब, यावर अजून भांडण आहे. पण शोमरोनचा वेगळा, तेमानचा वेगळा असा गावागावाचा य-ह-व-ह होता, हे जेजुरीचा आणि पालीचा खंडोबा ठाऊक असलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

वेदातला ‘यह्व’ आणि हा य-ह-व-ह एकच ना?

हा प्रश्न मराठी वाचकाकडून हमखास येतो, आणि त्याला कारणही मोठं आहे. लोकमान्य टिळकांनी डॉ. भांडारकर गौरवग्रंथात १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात खाल्डियन (प्राचीन बॅबिलोनी) आणि वैदिक शब्दांची तुलना करताना ऋग्वेदातल्या ‘यहु’, ‘यह्व’, ‘यह्वी’ या शब्दांकडे बोट दाखवलं होतं. अग्नीला ‘यह्व’ म्हटलंय, सात नद्यांना ‘सप्त यह्वीः’.

साम्य कानाला चटकन पटतं. पण संस्कृतातला तो ‘ह’ मुळातला नाही. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात याच शब्दाचा भाऊ ‘झ’ घेऊन येतो: झरथुष्ट्राच्या धाकट्या मुलीला गाथेत ‘येझिवी’ म्हटलं आहे. म्हणजे इराणी आणि भारतीय शाखा एकत्र होत्या तेव्हा तिथे ‘ह’ नव्हता, झ-जवळचा काही ध्वनी होता, आणि अर्थ ‘तरुण, धाकटा, चपळ’. सेमिटिक बाजूचा ‘ह’ मात्र मूळचाच. दोन वेगळ्या दिशांनी आलेले दोन प्रवासी एका फलाटावर भेटले, इतकंच.

हाच न्याय रोमन देव ‘जोव्ह’ला, म्हणजे ज्युपिटरला. त्याचं ‘जेहोवा’शी नातं नाही, तो आपल्या ‘द्यौः’चा सख्खा. आणि ‘अल्लाह’ हा शब्द ‘एल’, ‘एलोहा’च्या घराण्यातला, या चार अक्षरांच्या नव्हे.

अब्राहामाला हे नाव माहीत होतं का?

बायबलातला पहिला ग्रंथ म्हणजे उत्पत्ती, त्याच्या चौथ्या अध्यायाप्रमाणे लोक आदामाचा नातू एनोश याच्या काळापासून हे नाव घेत होते. निर्गमच्या सहाव्या अध्यायात देव म्हणतो, अब्राहामाला मी ‘एल शद्दाय’ म्हणून प्रकट झालो, या नावाने नाही. दोन्ही खरं कसं? या आणि अशा विसंगतींवरूनच १७५३ साली झां आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने उत्पत्तीत देवाच्या नावांनुसार निरनिराळे स्रोत विणलेले असल्याचा तर्क मांडला, आणि आधुनिक बायबल-चिकित्सेची एक मोठी शाखा तिथून फुटली.

आज बोलताना, लिहिताना काय वापरावं?

अभ्यासाच्या लेखात ‘यह्वे’ किंवा नुसतं य-ह-व-ह. यहुदी मंडळींसमोर उच्चार टाळावा. ते ‘हाशेम’ म्हणतात, म्हणजे ‘ते नाव’. कॅथलिक उपासनेत ‘यह्वे’ म्हणू नये असं व्हॅटिकनने २००८ साली कळवलं. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचे लोक ‘यहोवा’ म्हणतात, आणि तो त्यांच्या श्रद्धेचा मुद्दा आहे.

मराठीत या नावाचे काही अंश आहेत का?

आहेत, आणि रोजच्या वापरात. ‘हालेलूया’ म्हणजे ‘याहची स्तुती करा’. यशया, यिर्मया, जखऱ्या, सफन्या यांच्या शेवटचा ‘या’ तोच. योहान, योनाथान यांच्या सुरुवातीचा ‘यो’ आणि ‘येशू’मधला ‘ये’ हेही त्याचेच झिजलेले तुकडे. मत्तय म्हणजे मुळात ‘मत्तित्याहू’, याहूची देणगी. ‘यहुदी’ या शब्दात मात्र ते सरळ आहे असं म्हणता येत नाही. तो ‘यहुदा’वरून, आणि यहुदाची उकल उत्पत्तीत ‘स्तुती’शी जोडलेली आहे.

सगळ्यांत जुना दुवा बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचा. रायगडच्या गावांत पूर्वी तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावं. समाजाची आठवण अशी की दावीद रहाबी हा बाहेरचा यहुदी त्यांना भेटला तेव्हा हिब्रूतलं बाकी बहुतेक विसरलं होतं, पण ‘शेमा’ ही प्रार्थना तोंडपाठ होती: ‘शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद’. त्या एका ओळीत चार अक्षरं दोनदा लिहिलेली असतात आणि दोन्ही वेळा ‘अदोनाय’ म्हटलं जातं. त्यांची बायबलमधली नावंही मराठी वळणाची झाली: अब्राहामचा अबाजी, शमुवेलचा समाजी, आणि एलियाहूचा एलोजी. ‘एलियाहू’चा अर्थ ‘माझा देव याहू’. ‘एलोजी’ होताना ‘याहू’ गळून ‘जी’ आला.

आणखी एक दुवा आकड्यांतून येतो. हिब्रूत अक्षरांनीच आकडे लिहितात. योद दहा, हे पाच, वाव सहा. नावाची बेरीज सव्वीस. पंधरा लिहायचे तर दहा आणि पाच, म्हणजे योद-हे. पण ते ‘याह’ होतं, देवाचं नाव. म्हणून नऊ आणि सहा लिहितात, तेत-वाव, आणि ते ‘तू’ असं वाचतात. यहुदी पंचांगातल्या शवात महिन्याची पंधरावी तिथी त्यामुळे ‘तू बिश्वात’. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहू हानाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) रथाच्या खुणा दाखवतात, आणि बेने इस्राएलांच्या समजुतीप्रमाणे त्याचं तिथलं येणं याच तिथीचं. त्या दिवशी पोहे, नारळ, गूळ घालून मलिदा करतात, फळं मांडतात आणि एलियाहूचं नाव घेतात, शेवटच्या ‘याहू’सकट.